रोडपालीहून आफ्रिकेला निघण्याआधी
(ज्येष्ठ सभासदांच्या बैठकीतील भाषण)

मंडळी, नामिबिया, बोट्स्वाना, झिम्बाब्वे, सगळा प्रवास बसनं! पण आधी विमानाचं बोलू. नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे तिकीट स्वस्त दिसलं म्हणून कुणी परस्पर काढू नका. केनिया, इथिओपिया हे पीतज्वराचे देश. तिथं 12 तासांहून जास्त थांबलात तर पुढं नामिबियात लसीचं प्रमाणपत्र मागतात. परतताना मुंबईतही विचारणा होते. प्रमाणपत्र नसेल तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरण होऊ शकतं. लस घ्यावी, तर साठीनंतर तिच्या गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो, आणि आपल्यात साठीखालचं आहे कोण? म्हणून माझं मत दुबई-दोहामार्गे जाण्याचं, चार पैसे जास्त गेले तरी. मलेरियाच्या गोळ्या मात्र आपापल्या डॉक्टरांना विचारून, चालू औषधं दाखवून.

जुलैत इथं धो धो पाऊस, तिकडे हिवाळा. कलहारीत रात्री पारा शून्याजवळ जातो, तेव्हा स्वेटर, कानटोपी हवीच.

आता बँकेतली जुनी खोड! नामिबियात रँड चालतो, पण नामिबियन डॉलर दक्षिण आफ्रिकेत चालत नाही; तिथंच संपवा. बोट्स्वानाचं चलन पुला, म्हणजे त्यांच्या भाषेत पाऊस. कोरड्या देशानं पैशाला हे नाव द्यावं, मला फार आवडलं.

रविवारी येताना पासपोर्ट आणा, कोरी पानं मोजायची आहेत.