जिभेवरील पहारा

लोणावळ्याहून पुण्याकडे येणारी गाडी मळवली, कामशेत, वडगांव हीं स्थानकें मागें टाकून तळेगांवला थांबते. मावळांतील ह्या गांवाची ओळख पूर्वी दाभाडे सरदारांचें ठाणें म्हणून होती, पुढें हवापालटाचें ठिकाण म्हणून झाली आणि आतां ती कारखान्यांचें गांव म्हणून आहे. परंतु आणखी एका कारणासाठीं तळेगांवाचें स्मरण ठेवणें योग्य होईल. सत्ता माणसाच्या बोलण्यावर पहारा कसा बसविते, ह्याचे दोन निराळे प्रकार समजून घेण्यास ह्या एका गांवाचा इतिहास उपयोगीं पडतो. एक प्रकार शंभराहून अधिक वर्षांपूर्वींचा, ब्रिटिश अमदानींतला. दुसरा आजचा, आणि त्याचें मूळ चीन देशांत आहे.

पहिल्या प्रकारापासून आरंभ करूं. कोल्हापुरास राजाराम कॉलेजांत संस्कृत शिकविणारे प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर हे मोठे जिद्दीचे गृहस्थ होते. 'ग्रंथमाला' काढून त्यांनीं मराठी वाचकाला गंभीर ग्रंथांची गोडी लावली. 'समर्थ' हें साप्ताहिक आणि 'विश्ववृत्त' हें मासिक चालविलें. शिक्षण स्वभाषेंत असावें, त्यांत उद्योगाला आणि राष्ट्रभावनेला स्थान असावें, आणि तें सरकारी कृपेवर अवलंबून नसावें, ह्या हेतूनें त्यांनीं समर्थ विद्यालय काढलें. तें पुढें तळेगांवीं येऊन स्थिरावलें. १९०८ सालीं 'विश्ववृत्तां'त पंडित सातवळेकर यांचा 'वैदिक प्रार्थनांची तेजस्विता' हा लेख छापून आला. वेदांतील प्रार्थनांवरचा हा लेख. पण त्यांत सरकारला राजद्रोह दिसला. खटला झाला आणि विजापूरकरांना तीन वर्षांची शिक्षा झाली. संस्थापक असे बंदींत पडले असतां १९१० सालीं सरकारनें त्यांचें विद्यालयही बंद करून टाकलें.

त्याच १९१० सालीं वृत्तपत्रांसाठीं एक नवा कायदा आला. त्याची युक्ति लक्षांत घेण्यासारखी आहे. लेखकाला पकडावें, त्याच्यावर खटला भरावा, त्याचें भाषण न्यायालयांत ऐकावें आणि शेवटीं त्याला हुतात्मा करून सोडावें, ह्यांत सरकारला लाभापेक्षां त्रासच अधिक होता. म्हणून नव्या कायद्यानें हात घातला तो छापखान्याच्या गल्ल्याला. नवीन छापखाना काढणारापासून पांचशेंपासून दोन हजार रुपयांपर्यंत जामीन घेण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला मिळाला. मजकूर आक्षेपार्ह ठरला कीं जामीन जप्त. आणि पुन्हां छापखाना चालवावयाचा तर दहा हजारांपर्यंत नवा जामीन. परिणाम असा झाला कीं लेखणी लेखकाच्या हातीं राहिली, पण ती कोठें थांबवावी हें छापखान्याचा मालक सांगूं लागला. सरकारनें लेख वाचण्याच्या आधींच तो सौम्य होऊं लागला. हा कायदा १९२२ सालीं रद्द झाला. परंतु खिशाला धाक घातला म्हणजे जीभ आपोआप आवरते, हा त्याचा धडा पुढील सत्ताधाऱ्यांनीं विसरला नाहीं.

तथापि त्या राजवटीच्या अंमलांत एक गोष्ट होती. हुकुमाला तारीख होती, कलम होतें, सही होती. कोणी बंद केलें हें तळेगांवच्या लहान मुलालाही सांगतां येत होतें. म्हणूनच त्याविरुद्ध बोलतां आलें, अर्ज करतां आले, आणि काळ पालटल्यावर १९१८ च्या सुमारास विद्यालय नव्या नांवानें पुन्हां उभें राहिलें. ज्या शत्रूला तोंड आहे त्याच्याशीं झुंज देतां येते.

आतां दुसरा प्रकार पाहूं. आजच्या चीनमध्यें हुकूम नाहींत असें नाहीं, पुष्कळ आहेत. वृत्तपत्रें, नभोवाणी, चित्रपट हीं सर्व तेथील कम्युनिस्ट पक्षाच्या प्रचारखात्याच्या देखरेखीखालीं चालतात. परंतु इंटरनेटवर कोट्यवधि लोक रोज लिहितात. तें सर्व सरकारी कारकुनांनीं वाचावयाचें तर कारकून किती लागतील! म्हणून जबाबदारी टाकली ती हें लिखाण वाहून नेणाऱ्या खासगी कंपन्यांवर. परवाना त्यांचा, दंड त्यांना. तेव्हां संशय आला कीं मजकूर पुसण्याची घाई त्याच करतात. १९१० सालचा छापखान्याचा मालकच हा, केवळ शतपट मोठा.

वूहान येथील डॉक्टर ली वेनलियांग ह्यांनीं ३० डिसेंबर २०१९ रोजीं आपल्या सहाध्यायी डॉक्टरांना एका नव्या सांथीची सूचना दिली. चार दिवसांत पोलिसांनीं त्यांना बोलावून, अफवा पसरविल्याबद्दलच्या तंबीच्या कागदावर त्यांची सही घेतली. फेब्रुवारी २०२० मध्यें त्याच रोगानें ते वारले, आणि मार्चमध्यें ती तंबी चूक होती म्हणून मागें घेण्यांत आली. २०२१ च्या नोव्हेंबरांत टेनिसपटू पेंग श्वाई हिनें एका माजी उपपंतप्रधानावर आरोप केला. तिचें लिखाण अर्ध्या तासाच्या आंत नाहींसें झालें, आणि कांहीं दिवस तिचें नांव शोधणेंही अशक्य झालें. हाँगकाँगच्या 'ॲपल डेली' पत्राचा शेवटचा अंक २४ जून २०२१ रोजीं निघाला. संपादकांना अटक झाली होती हें खरें. पण पत्र प्रत्यक्ष बंद पडलें तें त्याचा पैसा गोठविला गेला आणि नोकरांचा पगार देणें अशक्य झालें म्हणून. पुन्हां गल्लाच.

येथवर झालें तें त्यांच्या घरचें. पण हा पहारा सीमा ओलांडतो तेव्हां तो अधिक सूक्ष्म होतो, कारण परदेशांतील माणसाला चिनी पोलीस बोलावूं शकत नाहीं. तेथें पोलिसाचें काम बाजारपेठ करते. २०१८ सालीं एका जर्मन मोटार कंपनीनें दलाई लामांचें एक वाक्य जाहिरातींत छापलें आणि चीनमध्यें ओरड होतांच क्षमा मागितली. २०१९ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंतील एका बास्केटबॉल संघाच्या व्यवस्थापकानें हाँगकाँगच्या आंदोलकांना पाठिंबा देणारी एक ओळ लिहिली; चीनच्या सरकारी दूरदर्शननें तेथील सामने दाखविणें बंद केलें, आणि ती ओळ तत्पूर्वींच पुसली गेली होती. २०२१ सालीं जॉन सीना ह्या नटानें तैवानला 'देश' म्हटल्याबद्दल चिनी भाषेंत माफी मागितली. ह्यांपैकीं कोणालाही तुरुंग दाखविलेला नव्हता. विक्रीचा आंकडा तेवढा पुरला.

भारत ह्यापासून अलिप्त आहे असें कोणी समजूं नये. २०१८ च्या एप्रिलांत चीनच्या विमान खात्यानें चाळीसहून अधिक परदेशी विमान कंपन्यांना पत्रें लिहिलीं कीं तैवानचा उल्लेख स्वतंत्र देश म्हणून करूं नये. त्याच वर्षीं जुलैमध्यें एअर इंडियानें, जी त्या वेळीं भारत सरकारच्या मालकीची होती, आपल्या यादींतील नांव बदलून 'चायनीज तैपेई' असें केलें. पुढें ऑक्टोबर २०२० मध्यें दिल्लीच्या चिनी वकिलातीनें भारतीय वृत्तपत्रांना व वाहिन्यांना पत्र पाठवून तैवानला देश म्हणूं नका असें सुचविलें. ह्या वेळीं उत्तर निराळें मिळालें. भारतांतील माध्यमें स्वतंत्र आहेत व त्यांना योग्य वाटेल तें तीं लिहितात, असें आपल्या परराष्ट्र खात्यानें सांगितलें. दोन वर्षांच्या अंतरानें घडलेल्या ह्या दोन गोष्टी शेजारीं ठेवून पाहाव्या. जेथें व्यवहार अडकला होता तेथें शब्द बदलला; जेथें तो तितका अडकलेला नव्हता तेथें शब्द टिकला.

येथें पुन्हां तळेगांवला यावें लागतें. तेथील जनरल मोटर्सचा मोठा कारखाना विकत घेण्याचा करार चीनच्या ग्रेट वॉल मोटर्स कंपनीनें २०२० च्या जानेवारींत केला. १५ जून २०२० रोजीं महाराष्ट्र शासनाशीं सुमारें ३,७७० कोटि रुपयांच्या गुंतवणुकीचा सामंजस्य करारही झाला. त्याच रात्रीं गलवानच्या खोऱ्यांत भारताचे वीस जवान धारातीर्थीं पडले. करार स्थगित झाला, २०२२ सालीं तो संपला, आणि पुढच्या वर्षीं हा कारखाना कोरियाच्या ह्युंदाई कंपनीनें घेण्याचें ठरविलें. परदेशी भांडवल हें पाप नव्हे, आणि कामगाराच्या चुलीचा प्रश्न कोणीही हलका लेखूं नये. ती कंपनी आली असती तर अमुकच झालें असतें, असें म्हणणेंही अन्यायाचें होईल. विचार एवढाच करावयाचा कीं एखाद्या तालुक्याची भाकरी एकाच दात्याच्या हातीं गेली, आणि त्या दात्याचे कान एखाद्या सरकारच्या हातीं असले, तर त्या तालुक्यांतील पुढारी, पत्रकार आणि शिक्षक बोलण्यापूर्वीं किती वेळां थांबतील?

ह्यांत चिनी जनतेविषयीं द्वेषाला जागा नाहीं. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं चीनला गेले आणि तेथील जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत १९४२ सालीं त्याच मातींत विसावले. डॉक्टर ली हेही त्याच जनतेंतले. तसेंच, हा दोष परक्यांच्याच माथीं मारूनही चालणार नाहीं. १९७५ च्या आणीबाणींत आपल्याच सरकारनें आपलींच पत्रें छापण्यापूर्वीं तपासलीं. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनांत अध्यक्षा दुर्गा भागवत ह्यांनीं त्याविरुद्ध उघड भाषण केलें, आणि पुढें त्यांना तुरुंगांत जावें लागलें.

मग उपाय काय? तोही तळेगांवानेंच दाखविला आहे. विद्यालयाच्या त्या दिवसांतच, १९०८ सालीं, तेथें पैसाफंडाचा कांच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे ह्यांची कल्पना साधी होती: वर्षाला माणशीं एक पैसा. लाखो हातांतून आलेल्या पैशाला एक धनी नसतो. म्हणून त्याच्या जोरावर उभ्या राहिलेल्या संस्थेला एकाचा धाक दाखवून नमवितां येत नाहीं. आज ज्याला स्वतंत्र वृत्तपत्र हवें आहे त्यानें त्याची वर्गणी भरावी. फुकट मिळणाऱ्या बातमीची किंमत दुसरा कोणी तरी देत असतो, आणि तो आपल्या किंमतीचा मोबदला घेतो. बातमी वाचतांना काय छापलें आहे ह्याबरोबर काय गाळलें आहे हेंही विचारावें. आणि एखादा प्रसिद्ध पुरुष एकाएकीं गप्प झाला, किंवा त्यानें न मागितलेली क्षमा मागितली, तर त्याला हंसण्यापूर्वीं त्याचा गल्ला कोणाच्या हातीं आहे हें पाहावें. उघड हुकुमाविरुद्ध लढण्यास धैर्य लागतें. न दिसणाऱ्या हिशेबाविरुद्ध लढण्यास प्रथम तो हिशेब वाचतां यावा लागतो.