उभ्या जंगलाचे मोल

दरवर्षी होळीच्या सुमारास डांगमधील आहवा येथे दरबार भरतो. गाढवी, लिंगा, दहेर, वासुर्णा व पिंपरी ह्या पाच गाद्यांचे भिल्ल राजे आणि त्यांचे भाऊबंद तेथे शासनाकडून आपला सालियाना स्वीकारतात. ह्या रकमेचे मूळ १८४२ मधील करारात आहे. इंग्रजांना सागवान हवे होते, म्हणून त्यांनी राजांकडून जंगल भाडेपट्ट्याने घेतले. बडोद्याचाही त्या सागाशी संबंध आला. सयाजीराव महाराजांच्या काळात बिलिमोऱ्याहून वघईपर्यंत घातलेल्या छोट्या रेल्वेने डांगचे लाकूड खाली येई.

तो पैसा झाडे तोडू देण्याबद्दलचा होता. आता झाडे उभी ठेवण्याबद्दल पैसा देण्याची भाषा जगात चालू आहे. सुक्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो. जंगल तोडून जाळले की तो हवेत जातो आणि पृथ्वीच्या तापमानात भर घालतो. तेव्हा विकसनशील देशांनी जंगलतोड कमी करावी व धनिक देशांनी त्याचा मोबदला द्यावा, अशी मागणी २००५ मध्ये मॉन्ट्रियलच्या परिषदेत पापुआ न्यू गिनी व कोस्टारिका ह्यांनी मांडली. २००८ मध्ये नॉर्वेने अ‍ॅमेझॉनच्या रक्षणासाठी ब्राझीलला एक अब्ज डॉलरपर्यंत देऊ केले. २०१३ मध्ये वॉर्सा येथे ह्या व्यवहाराची नियमावली ठरली, आणि भारतानेही २०१८ मध्ये आपले राष्ट्रीय धोरण जाहीर केले.

कल्पना न्याय्य आहे, ह्यात मला शंका नाही. हिशेब मात्र अवघड आहे. जे झाड तुटलेच नाही, ते पैसे मिळाले नसते तर खरोखर तुटले असते काय, हे कोणी सांगावे? एका डोंगरावरची कुऱ्हाड थांबून शेजारच्या डोंगरावर गेली, तर हवेला काय लाभ? उपग्रहाच्या छायाचित्रांनी जंगलाचे क्षेत्र मोजता येते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अखेर अनुमानानेच द्यावे लागते.

पण डांगचा इतिहास जाणणाऱ्यास याहून मोठा प्रश्न दिसतो. १८४२ च्या करारात भाडे राजांना मिळाले. पुढे जंगलाचे मोठे भाग राखीव झाले, तेव्हा फिरती शेती आणि जंगलातील मोकळा वावर ह्यांवर निर्बंध आले ते सामान्य डांगी कुटुंबांवर. सही एकाची आणि झळ दुसऱ्याला, असा तो प्रकार होता. उद्या कार्बनचा पैसा आला आणि तो सरकारी तिजोरीतच थांबला, तर जळणाची मोळी आणणाऱ्या बाईला फक्त मनाई तेवढी कळेल.

मेघालयातील खासी टेकड्यांत मात्र वेगळा प्रयोग चालू आहे. तेथील जंगल बव्हंशी कुळांच्या व गावांच्या मालकीचे आहे. त्यामुळे २०११ पासून उमियमच्या पाणलोट क्षेत्रात पारंपरिक ग्रामसंस्थांच्या संघानेच वणवे रोखण्याचे व रान पुन्हा वाढू देण्याचे काम अंगावर घेतले, आणि कार्बनच्या विक्रीचे उत्पन्न त्या संघाकडे येते. आपल्याकडे जंगलाची मालकी सरकारची; परंतु २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेस सामुदायिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार दिला आहे. तो अधिकार ज्या गावाच्या नावे कागदावर चढला असेल, त्या गावाशीच असा करार करता येईल. म्हणून कार्बनच्या मोजणीआधी हे दावे निकालात निघाले पाहिजेत.