स्वच्छ अंगण कशाला म्हणायचं?

घर बांधून झालं की आपण आधी अंगणात पेव्हर ब्लॉक बसवतो. चिखल नको, गवत नको. पण हिशोब करा. १०० चौरस मीटर अंगणावर १० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते १,००० लिटर पाणी होतं. मातीने त्यातलं बरंच जिरवलं असतं. आता ते उताराखालच्या वस्तीत शिरतं आणि मे महिन्यात आपण टँकर मागवतो. गाडीपुरती, चालण्यापुरती फरशी ठेवा. बाकी जमीन उघडी राहू द्या.

दुसरी सवय पाला जाळण्याची. धूर आपल्या कुंपणात थांबत नाही, शेजारच्या दमेकऱ्याच्या छातीत जातो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली, ५,००० रुपये दंडही ठरवला. पण दंडाची वाट कशाला पाहायची? कोपऱ्यात विटांचा तीन फुटी कप्पा करा, हवेसाठी फटी ठेवा. पाल्याच्या थरावर थोडी माती आणि शेणकाला टाका. ओल राखा, पंधरवड्याने वरखाली करा. काही महिन्यांत खत तयार होतं. उरलेला पाला झाडाभोवती पसरा, फक्त खोडाला चिकटू देऊ नका. पाणी कमी लागतं. तण फुलण्याआधीच उपटलं तर तणनाशकाची गरज पडत नाही.

मुलग्यांना एक वेगळं सांगतो. हे काम पुन्हा आई-बहिणीवर ढकलू नका. झाडू तिच्या हातात आणि पर्यावरणाचं भाषण आपल्या तोंडात, हे चालणार नाही. येत्या रविवारी झाडू तुम्ही घ्या.