दारू सोडली, आता जागल हवी

(सिंदेवाही परिसरातील धान उत्पादक शेतकऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कृषिविद्येच्या माणसाने पऱ्हे, रोवणा, खताच्या मात्रा आणि निंदण यांवर बोलावे, अशी तुमची अपेक्षा असणार आणि ती रास्तच आहे. परंतु आज मला दारू सोडलेल्या शेतकऱ्याविषयी बोलायचे आहे. पिणाऱ्याविषयी आपल्या भागात पुष्कळ बोलून झाले आहे. सोडणाऱ्याचे दुसऱ्या दिवसापासून पुढे काय होते, त्याने दिवस कसा काढावा, याची विचारपूस मात्र फार थोडे लोक करतात. तुमच्यापैकी काहींनी दारू सोडली असेल, काहींच्या घरात कोणी सोडण्याच्या बेतात असेल. त्या दोघांसाठी हे बोलणे आहे.

सिंदेवाहीकरांनी दारूबंदीचे दोन्ही अनुभव जवळून पाहिले आहेत. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात लोकांच्या आंदोलनानंतर १९९३ मध्ये दारूबंदी झाली आणि ती आजही आहे. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील बायाबापड्या डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी चालत गेल्या. पुढे १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी आली आणि २०२१ मध्ये ती उठली. ती उठायला हवी होती की नको, या वादात मी आज शिरत नाही. ज्याने बंदीच्या काळात दारू सोडली होती, त्याच्या रस्त्यावर २०२१ मध्ये दुकान पुन्हा उघडले, एवढे मात्र खरे. कायदा दुकान बंद करू शकतो, उघडूही शकतो. संध्याकाळी सहा वाजता पाय कोणत्या रस्त्याला वळावेत, हे त्या माणसालाच रोज ठरवावे लागते.

रानडुकराचे तुम्हाला सांगायला नको. कुंपण एकदा पक्के केले म्हणून कोणी जागल सोडून घरी झोपत नाही. डुक्कर येते ते जिथून आधी आत शिरले होते तिथूनच, आणि मळणी होईपर्यंत येत राहते. व्यसनाचेही असेच आहे. देवापुढे घेतलेली शपथ म्हणजे कुंपण. ते हवेच, पण त्यापुढची रोजची जागल कोणी शिकवत नाही.

आधी शरीराचे पाहू, कारण यात जिवाशी गाठ आहे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली, तर पहिल्याच दिवशी हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. एक-दोन दिवसांत काहींना फिट येते. दोन ते चार दिवसांच्या सुमारास काही जण बरळू लागतात, नसलेली माणसे आणि किडे दिसतात, दिवस की रात्र कळत नाही. अशा वेळी गावात ‘बाहेरचे लागले’ म्हणतात आणि मांत्रिकाला बोलावतात. हे बाहेरचे नव्हे, दारू तुटल्याचे लक्षण आहे आणि यात माणूस दगावू शकतो. म्हणून जुन्या, रोजच्या पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम सोडण्याचे धाडस करू नये. आधी डॉक्टरांना दाखवावे आणि पहिला आठवडा त्यांच्या देखरेखीखाली काढावा. बरळणे किंवा फिट दिसली, तर रात्र असली तरी तडक दवाखाना गाठावा.

दुसरी गोष्ट जीवनसत्त्व ब-१ ची. सततच्या दारूने ते शरीरात फार कमी होते. चाल अडखळते, स्मरण जाते. डॉक्टर त्याची इंजेक्शने देतात, ती पूर्ण घ्यावीत. आपण भात खाणारे लोक आहोत, म्हणून थोडे अवांतर सांगतो. हे जीवनसत्त्व तांदळाच्या कोंड्यात असते आणि पांढरा सडक तांदूळ करताना ते कोंड्याबरोबर निघून जाते. जावा बेटावर आइकमन नावाच्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोंबड्यांना सडलेला तांदूळ घालून त्यांच्या पायांतील बळ कसे जाते ते पाहिले आणि त्या कामासाठी त्यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. धान उकडून केलेल्या तांदळात हे जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरते, त्यामुळे पुष्कळ टिकून राहते. सावरणाऱ्या माणसाच्या ताटात उकडा तांदूळ, डाळ, अंडे आणि धुऱ्यावरच्या तुरीचे वरण रोज असावे. इंजेक्शनाची जागा मात्र हे जेवण घेऊ शकत नाही.

भिंतींवर ‘पिणाऱ्याला न कळवता दारू सोडवा’ अशा जाहिराती दिसतात. त्यांच्या नादी लागू नका. दारूची किळस आणणारी औषधे डॉक्टर देतात, पण ती रोग्याला सांगून, त्याची तपासणी करून. चहातून लपवून दिलेल्या गोळीवर तो दारू प्यायला, तर रक्तदाब एकदम खाली येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. शिवाय ज्या घरात त्याला पुन्हा विश्वास मिळवायचा, तिथेच त्याची फसवणूक होते.

आता त्या सहा ते आठच्या वेळेकडे येतो. व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसांच्या मंडळांत चार गोष्टींपासून सावध राहायला शिकवतात: भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. धानशेतीच्या वर्षावर या चार गोष्टी मांडून पाहा. रोवण्याच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकून माणूस संध्याकाळी रिकाम्या पोटी आणि मोडलेल्या कमरेने घरी येतो. भूक आणि थकवा एकदमच. निंदण झाल्यावर हाताला काम थोडे, पाऊस सुरू, चौकात बसायला वेळच वेळ. मळणीनंतर धान विकले की खिशात रोख आणि त्याच दिवशी देणेकरी दारात, तिथे राग. दिवाळीनंतर झाडीपट्टीतली नाटके आणि मंडया सुरू होतात. नाटक पाहायला बंदी नाही, उलट जरूर जावे. पण बायको-पोरांना घेऊन जावे आणि पुढे बसावे, मंडपामागच्या अंधारात घुटमळू नये. फाल्गुन-चैत्रात मोहफूल पडू लागले की वासानेच जुनी आठवण जागी होते. ज्याने नुकतीच सोडली आहे त्याने त्या वर्षी मोह वेचण्याचे काम घरातल्या दुसऱ्यावर सोपवावे. यात कमीपणा नाही.

वर्षाचे हे वेळापत्रक आपण आपल्या घरापुरते लिहून काढावे. पेरणीचा अंदाज बांधता, तसा घसरण्याच्या दिवसांचाही बांधता येतो. शेतातून येताच, अंघोळीच्याही आधी, पोटात काहीतरी घालावे. दुकानाच्या रस्त्याऐवजी लांबचा रस्ता धरावा. संध्याकाळचे एक ठरलेले काम असावे, जे दुसरे कोणी करणार नाही: गाईची धार, वांग्या-टोमॅटोच्या वाफ्याला पाणी, मुलांची उजळणी. तल्लफ लाटेसारखी येते आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरू लागते. तेवढा वेळ काढायला काम आणि माणूस, दोन्ही जवळ हवेत.

याच वेळेला आपल्या भागात एक जुनी सोय आहे, तिच्याकडे शिकलेल्या लोकांचे थोडे दुर्लक्ष झाले असे मला वाटते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) तरुणपणी चिमूर भागातल्या गोंदोड्याच्या रानात तप केले. खंजिरीवरच्या भजनांतून ते गावोगाव फिरले, व्यसनांवर बोलले, आणि सकाळचे सामुदायिक ध्यान व संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना त्यांनी रूढ केली. ही प्रार्थना नेमकी दिवेलागणीला होते, म्हणजे ज्या वेळी दारूची आठवण होते त्याच वेळी. तिथे जात विचारत नाहीत, वर्गणी नाही, न बोलता बसता येते आणि चार माणसांच्या डोळ्यांपुढे आपण शुद्धीवर आहोत हे रोज दिसते. मी याला अध्यात्मही म्हणतो आणि औषधही. ज्याचा देवावर विश्वास नाही त्याने बुद्धविहारात शांत बसावे, नाहीतर तलावाच्या पाळीवर जाऊन वीस मिनिटे श्वासाकडे लक्ष द्यावे. अट एकच: वेळ चुकवू नये.

दूर अमेरिकेत १९३५ मध्ये शेअर दलाल बिल आणि डॉक्टर बॉब या दोन मद्यपींनी एकमेकांना सावरले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ उभी राहिली. त्यांचेही सूत्र हेच निघाले. आपल्याहून मोठ्या शक्तीला शरण जावे. ती कोणती हे ज्याचे त्याने ठरवावे. आयुष्यभराचा नवस करण्याऐवजी आजचा दिवस प्यायचे नाही एवढेच बघावे. रात्री दिवसाचा जमाखर्च मांडावा. कोणाला दुखावले असेल तर त्याच्याकडे जाऊन भरपाई करावी. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने दारू-तंबाखू कमी करण्यासाठी २०१६ पासून ‘मुक्तिपथ’चे काम चालू आहे. डॉ. अभय बंग यांना स्वतःला १९९५ मध्ये हृदयविकाराचा झटका आला. नंतर आहार, व्यायाम आणि ध्यान यांनी त्यांनी आपला दिनक्रम कसा बदलला, ते ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात आहे. रोग वेगळा असला, तरी दिवस नव्याने कसा बांधावा हे त्यात वाचण्यासारखे आहे. ग्रामपंचायतीच्या वाचनालयाने ते जरूर घ्यावे.

जमाखर्चाचे म्हटले, तर रोजचे शंभर रुपये धरले तरी वर्षाला ३६,५०० रुपये दारूत जातात. २६६ रुपये ५० पैसे दराने युरियाची सुमारे १३६ पोती. पण हा हिशेब पिणाऱ्याच्या तोंडावर फेकू नका. तो त्याला आपल्यापेक्षा चांगला पाठ असतो आणि त्याच्या लाजेनेच तो पुन्हा प्यायला जातो. सोडलेल्याने मात्र वाचलेले पैसे रोजच्या रोज डब्यात टाकून शेतीच्या वहीत लिहावेत.

दारू सुटली की पुष्कळ जण खर्रा वाढवतात. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेला हा पदार्थ तोंड उघडेनासे करतो आणि कर्करोगाकडे नेतो. दारू सुटली त्याच आठवड्यात सगळे सोडा असा हट्ट मी धरत नाही, पण खर्ऱ्याच्या पुड्या निदान वाढू देऊ नयेत आणि पुढच्या हंगामाची तारीख धरून त्याही बंद कराव्यात.

पहिल्या काही महिन्यांत मन फार उदास होते. दारूने झाकलेले कर्ज, भांडणे, गेलेली वर्षे एकदम समोर दिसतात. अशा घरात कीटकनाशके आणि तणनाशके कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. फवारणीचे काम त्याला एकट्याला देऊ नका. जगण्याचा कंटाळा आल्याचे कोणी बोलले, तर थट्टेवारी नेऊ नका. १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याचा सल्ला फोनवर फुकट मिळतो. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा क्रमांक आहे.

आणि पाय घसरलाच तर? बांध फुटला म्हणून कोणी बांधी विकत नाही; त्याच दिवशी माती टाकतो. घसरल्याच्या दुसऱ्या सकाळी डॉक्टरांकडे आणि त्याच संध्याकाळी प्रार्थनेला जावे. कोणत्या वाटेने घसरलो ते वहीत लिहावे. घरच्यांनी त्या रात्री वाद घालू नये, शुद्धीवर आल्यावर बोलावे. पण मारहाण होत असेल तर घरधनीणीने सहन करू नये. शेजार, पोलीस पाटील, नातेवाईक यांना उघड सांगावे. नवऱ्याचे सावरणे हे तिच्या एकटीचे काम नाही.

शेवटी तुमच्याकडे, म्हणजे ज्यांनी कधी प्यायली नाही त्या मोठ्या शेतकऱ्यांकडे येतो. रोवण्याचा गुत्ता ठरवताना मजुरीवर ‘वरचे’ म्हणून दारूचे पैसे देण्याची रीत आपल्यातच आहे. चिखलणी करून गेलेल्या ट्रॅक्टरवाल्याच्या हातात बाटली देणारेही आपणच. त्या टोळीत एखादा नुकता सावरलेला असतो आणि सगळ्यांसमोर ‘मला नको’ म्हणण्याची पाळी त्याच्यावर येते. यंदा गुत्ता ठरवतानाच सांगा, की वरचे जे काय ते गूळ-चहा, पोटभर जेवण किंवा धानाच्या पायल्या असे मिळेल. हिशेबही अंधार पडण्याआधी बांधीवरच चुकता करा, म्हणजे तो माणूस दिवेलागणीला घरी असेल.