वर्गणी मागायला लाज नको, हिशोब द्यायला आळस नको

(सीमाभागातल्या तरुणांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं लिखित रूप)



मी देवासची. आजोळ धारचं. राज्यशास्त्र शिकते. इथं आल्यापासून तिघांनी तरी विचारलं, "तिकडं मराठी बोलतात होय?" बोलतात की! धार आणि देवास ही पवारांची संस्थानं. देवासला तर थोरली पाती आणि धाकटी पाती, असे एकाच गावात दोन दरबार होते. दुसरा बाजीराव 1775 साली धारला जन्मला. आणि तुमच्या बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व 1948 साली आजारपणात देवासला आले, ते कायमचे आमचेच झाले. म्हणजे आपली ओळख जुनी आहे.

1948 साली आमची संस्थानं मध्य भारतात विलीन झाली आणि 1 नोव्हेंबर 1956 ला मध्य प्रदेश झाला. त्याच दिवशी बेळगाव, कारवार, बिदर म्हैसूर राज्यात गेलं. तुमच्यासाठी तो काळा दिवस. आमच्याकडे ना वाद झाला, ना आंदोलन. पण एक गोष्ट दोघांच्या वाट्याला सारखीच आली. मराठी वाचनालय असो, मंडळ असो, बालवर्ग असो, त्यामागे राज्य नाही. राजाश्रय गेला, उरली ती वर्गणी. ही वर्गणी मोबाईलवर कशी मागायची आणि कशी मागायची नाही, एवढंच आज सांगणार आहे.

आधी आमची फजिती सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका जुन्या मराठी वाचनालयाचं छत गळायला लागलं. कपाटांवर प्लास्टिक टाकलेलं. आम्ही चार मित्रमैत्रिणींनी रील बनवलं. भिजलेली पुस्तकं, मागे रडकं संगीत, शेवटी क्यूआर कोड. हजारो लोकांनी बघितलं. हात जोडलेले इमोजी तर विचारूच नका. चार दिवसांनी मोजलं तर पैसे देणारे नऊ जण, त्यातले सहा आमचेच काका-मावशी! मी चिडून म्हटलं, "मराठी माणूस लाइक देतो, पैसे देत नाही."

वाचनालयाचे जुने खजिनदार काका शांतपणे म्हणाले, "बाळ, मला तीन गोष्टी सांग. पैसे कुणाच्या खात्यात जातायत? एकूण किती हवेत? आणि काम झालं की नाही हे लोकांना कोण कळवणार?"

क्यूआर कोड आमच्या एका मित्राच्या खात्याचा होता. किती हवेत ते आम्हाला माहीतच नव्हतं. आणि कळवायचं तर डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे गल्लीतल्या गणपतीला पावती पुस्तक घेऊन फिरणारं पोरगं जे पाळतं, ते आम्ही शिकलेल्यांनी पाळलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी आधी मिस्त्रीकडून खर्चाचा अंदाज लिहून घेतला. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचा घेतला, म्हणजे पैसे पाठवताना स्क्रीनवर संस्थेचंच नाव दिसतं. प्रत्येकाने वीस माणसांची यादी केली आणि नाव घेऊन मेसेज केला, फोन केला. दर रविवारी जमाखर्चाच्या वहीचा फोटो टाकला. छत झालं. एका खोलीचं काम अजून बाकी आहे, तेही आम्ही लिहिलंय.

यात नवीन काहीच नाही. अंताजी दामोदर काळे नावाचे गृहस्थ होते. दरवर्षी प्रत्येकाने एक पैसा द्यायचा, त्यातून देशी उद्योग उभा करायचा, अशी त्यांची पैसा फंडाची कल्पना. लोक हसले असतील. पण टिळकांनी पाठिंबा दिला, आणि 1908 साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. एकेका पैशातून कारखाना! कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेसाठी घराघरातून मूठभर धान्य गोळा व्हायचं. आपल्याकडे क्राउडफंडिंग हा शब्द उशिरा आला, काम आधीपासून चालू होतं.

आजचंही उदाहरण घ्या. 'लोकसत्ता' 2011 पासून गणेशोत्सवात 'सर्वकार्येषु सर्वदा' हा उपक्रम चालवतं. रोज एका संस्थेची ओळख, तिचं काम, तिची गरज. वाचक धनादेश काढतात तो त्या संस्थेच्या नावाने. किंवा 2014 चं आइस बकेट चॅलेंज आठवा. डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घ्यायचं, हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं. पण त्यातली खरी युक्ती वेगळी होती. पाणी ओतून घेणारा आपल्या ओळखीच्या माणसांची नावं घेऊन त्यांना आव्हान द्यायचा. अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनकडे त्यातून 11.5 कोटी डॉलर जमले. 'सर्वांनी मदत करा' म्हटलं की कुणीच करत नाही. 'सुनीलदादा, तू करशील का?' म्हटलं की दादाला उत्तर द्यावं लागतं.

दुसरी गोष्ट फोटोची. आमच्या देवास जिल्ह्यात बागली तालुक्यात समाज प्रगती सहयोग ही संस्था 1990 पासून पाणी आणि उपजीविकेवर काम करते. तिचा कम्युनिटी मीडिया गट आहे, त्यात गावातलीच माणसं फिल्म बनवतात. फरक लगेच कळतो. बाहेरचा माणूस आला की फाटके कपडे आणि रडणारं मूल शोधतो. गावातला माणूस बांध कसा घातला, विहिरीला पाणी कुठवर आलं, ते दाखवतो. ज्याच्यासाठी पैसे मागतोय त्याला न विचारता त्याचा चेहरा टाकायचा नाही. उद्या त्याला त्याच गावात राहायचंय, शाळेत जायचंय.

तिसरी गोष्ट तारखेची. ऑगस्ट 2019 चा महापूर तुम्ही बघितलाय. मदतीचे मेसेज आठवा. 'तातडीने पाठवा', पण कधीचा मेसेज, कुठल्या गावासाठी, कशाचाच पत्ता नाही. असा मेसेज पूर ओसरला तरी फिरत राहतो. प्रत्येक पोस्टवर तारीख, गाव आणि 'अमुक दिवसापर्यंत' हे लिहा. आणि रक्कम जमली की 'आता पैसे नकोत, पुरेसे झाले' अशी पोस्ट टाका. असं सांगणाऱ्यावर लोक पुढच्या वेळी डोळे मिटून विश्वास ठेवतात.

चौथी गोष्ट जरा कंटाळवाणी आहे, पण ऐका. आपल्या प्रत्येकाचा एखादा भाऊ, मावशी, मित्र परदेशात असतो. कुटुंबाच्या ग्रुपवर क्यूआर कोड टाकायचा मोह होतो. पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्या माणसाची देणगी एफसीआरए कायद्यात येते, मग तो आपला सख्खा भाऊ का असेना. ती नोंदणी किंवा परवानगी संस्थेकडे नसेल तर तो पैसा घेता येत नाही. भाऊ अजून भारतीय पासपोर्टवर असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून आधी संस्थेला विचारा. तसंच करसवलतीचं. संस्थेकडे 80जी आहे का, विचारून मगच लिहा. नसताना लिहिलं तर ती फसवणूकच झाली. रोख दोन हजारांच्या वर दिली तर ती सवलत मिळत नाही, हेही देणाऱ्याला सांगा.

कुणी म्हणेल, एवढं सगळं कशाला, एक पोस्ट शेअर केली तर काय बिघडलं? एका पोस्टने बिघडत नाही. पण समजा चुकीच्या खात्यावर तुमच्या गावातल्या पन्नास जणांनी पैसे पाठवले. मग पुढच्या वर्षी खरंच गरज असलेली शाळा दारात आली, तर ते पन्नास जण दार उघडणार नाहीत. आपण सीमाभागात राहा नाहीतर माळव्यात, आपल्या मराठी संस्थांकडे दुसरं भांडवल नाही. लोकांचा विश्वास एवढंच भांडवल आहे, आणि ते आपण दुसऱ्याच्या वतीने खर्च करत असतो.

तेव्हा घरी गेल्यावर एवढंच करा. आपल्या गावातली एक संस्था निवडा. वाचनालय, बालवर्ग, वृद्धाश्रम, काहीही. तिच्या खजिनदारांना भेटा, मागच्या वर्षीचा जमाखर्च बघा, नेमकं काय हवंय ते लिहून घ्या. मग वीस नावांची यादी करा. रील त्यानंतर बनवा.

आणि हो, पहिले पैसे स्वतः टाका. शंभर रुपये टाका, पण टाका. दुसऱ्याकडे मागताना आवाज आपोआप बदलतो, हे मी अनुभवलंय.

कधी देवासला या. छत आता गळत नाही, बसून वाचता येईल.