आधी रिकामा काटा

(वार्षिक मेळाव्यात वसतिगृहातील मुलं-मुली, कार्यकर्ते आणि मंडळीचे सभासद यांच्यासमोर केलेलं भाषण)



पाळकसाहेबांनी मला ‘आत्मविश्वास’ हा विषय दिला आहे. तरुणपणी माझ्याकडे आत्मविश्वास भरपूर होता, आणि त्या आत्मविश्वासानेच एका मुलीचं नुकसान केलं. ही गोष्ट मी आजवर व्यासपीठावरून सांगितली नव्हती. आज सांगते.

वीस वर्षांपूर्वी ईशज्ञानाची पदविका घेऊन मी सातपुड्यात, अक्राणी तालुक्यात कामाला आले. एका छोट्या वसतिगृहात संध्याकाळचा अभ्यास घेण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. मुलं पावरी बोलणारी, मी मराठी बोलणारी. मी छान शुद्ध मराठीत शिकवायचे, मुलं माना हलवायची. मला वाटायचं, सगळ्यांना सगळं समजतंय. त्यांत सहावीतली एक मुलगी होती. कधी तोंड उघडायची नाही. गणित विचारलं की जमिनीकडे बघायची. तिमाही अहवालात मी तिच्या नावापुढे लिहिलं, “अभ्यासात लक्ष नाही.” दिवाळीच्या सुट्टीला ती घरी गेली, ती परत आलीच नाही. मी मनाशी म्हटलं, मी माझं काम केलं, तिलाच आवड नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात मी तिच्या पाड्यावर गेले. आमचूर करायचे दिवस होते. अंगणात कैऱ्यांचा ढीग, आजी आणि आई कैऱ्या सोलत होत्या, फोडी उन्हात वाळत होत्या. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहीत आहे, किती दिवसांची मेहनत असते. त्यातच वळवाचा पाऊस आला की आमचूर काळा पडतो आणि भाव पडतो. मी बसले होते तेवढ्यात व्यापारी तराजू घेऊन आला. आमचूर पारड्यात टाकायच्या आधी ती मुलगी पुढे झाली आणि त्याला मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, “आधी रिकामा काटा दाखवा.”

त्याने नाइलाजाने तराजू उचलला. वजनांचं पारडं रिकामं असतानाच खाली झुकलेलं होतं! व्यापारी काहीतरी पुटपुटला आणि त्याला ते नीट करावं लागलं. मग ती पावरीत भराभर हिशोब सांगत गेली आणि आई पैसे मोजून घेत गेली. पै न पै बरोबर. माझ्या वर्गात जिचं ‘लक्ष नव्हतं’, तीच ही मुलगी.

तिची आई मला काहीतरी म्हणाली. मला कळेना. मुलीनेच सांगितलं, “आई म्हणते, ही घरी बोलते. ताईजवळ का नाही बोलत?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. कंदील लावून मी वही उघडली आणि मधोमध रेघ मारली. एका बाजूला लिहिलं, मी लोकांना काय सांगते. दुसऱ्या बाजूला, खरं काय आहे. मी सांगते, मुलांना समजतं. खरं हे, की त्यांना समजतं का हे मी कधी विचारलंच नाही. मी सांगते, मुलीला आवड नव्हती. खरं हे, की मला पावरी येत नव्हतं आणि ते शिकवा म्हणायची मला लाज वाटत होती. मी ताई, मी पदविका घेतलेली, मी लेकरांपुढे कशी कबूल करू? ज्याला मी आत्मविश्वास समजत होते, ती पोटातली भीती होती. माझा स्वतःचाच काटा झुकलेला होता, आणि त्याच काट्यावर मी मुलांना तोलत होते.

दुसऱ्या दिवशी मी मुलांना म्हटलं, “मला तुमची भाषा येत नाही. शिकवाल का?” आधी कोणी काही बोललं नाही, मग एकच हशा झाला. माझे उच्चार ऐकून ती पोट धरून हसली. पण त्या दिवसापासून वर्गात आवाज आला. जी कधी बोलत नव्हती तीसुद्धा माझ्या चुका दुरुस्त करायला लागली. ज्याला दुसऱ्याला शिकवण्याजोगं काहीतरी आपल्याकडे आहे हे कळतं, त्याची मान आपोआप वर होते.

ती मुलगी मात्र परत आली नाही. मी दोनदा आणायला गेले. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. हे मी गोड करून सांगणार नाही. आत्मपरीक्षण उशिरा केलं तर त्याची किंमत कधीकधी दुसऱ्याला मोजावी लागते.

आपल्यापैकी पुष्कळांना वाटतं, आत्मपरीक्षण म्हणजे आपली पापं उगाळत बसणं. प्रभुभोजनाचा रविवार आला की काही जण म्हणतात, “मी योग्य नाही, मी मेजावर येत नाही.” पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात काय सांगतो ते पुन्हा वाचा. प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी, आणि मग त्या भाकरीतून खावं. परीक्षा केल्यावर घरी परत जावं, असं तो म्हणत नाही. परीक्षेची वाट मेजापर्यंत येते. जे आत्मपरीक्षण तुम्हाला उठून बसू देत नाही, ते अर्धवट राहिलं आहे असं समजा.

पेत्राकडे बघा. बाकी सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही, असं तो छातीठोकपणे म्हणाला होता. इतरांशी तुलना करून आलेला तो आत्मविश्वास कोळशाच्या शेकोटीजवळ, एका दासीच्या प्रश्नापुढे, कोंबडा आरवण्याआधी संपला. नंतर तिबिर्याच्या समुद्रकाठी पुन्हा कोळशाचा विस्तव होता. प्रभूने विचारलं, ह्यांच्यापेक्षा तू माझ्यावर अधिक प्रीती करतोस का? पेत्राच्या उत्तरात ‘ह्यांच्यापेक्षा’ हा शब्द आता नाही. प्रभू, तुला ठाऊक आहे, एवढंच तो म्हणतो. तुलना गळून पडली. आणि त्याच माणसाच्या हाती प्रभूने मेंढरं सोपवली.

आपल्या महाराष्ट्रातल्या मंडळीत लक्ष्मीबाई टिळक होऊन गेल्या. १८९५ साली रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्या दुःखाने कोसळल्या होत्या. स्वतः विचार करून, आपल्या मनातलं सोवळंओवळं तपासून, त्यांनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला. शाळेचं रीतसर शिक्षण त्यांना नव्हतं. तरी त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली, आणि त्यांत आपला राग, आपल्या भित्र्या समजुती, आपली फजिती काही लपवलं नाही. स्वतःवर मनमोकळं हसता येणं ही मोठी ताकद आहे.

आता लेकरांनो, खास तुमच्याशी बोलते. तुमच्यापैकी कित्येकांना लहानपणापासून ऐकवलं गेलंय की तुम्ही मागासलेले, तुम्हाला बोलता येत नाही. त्यामुळे वहीत लिहायला बसलात की तुम्ही फक्त उणिवाच लिहाल. तोही खोटा हिशोब आहे. पारडं त्या बाजूला झुकलं तरी काटा बिघडलेलाच. मला जंगलातल्या भाज्या ओळखता येतात, दोन भाषा येतात, धाकट्या भावंडांना सांभाळता येतं, हे खरं असेल तर तेही लिहा. देवाने दिलेलं दान नाकारणं म्हणजे नम्रता नव्हे.

रोज रात्री प्रार्थनेआधी पाच मिनिटं काढा. स्वतःला तीन गोष्टी विचारा. आज मी काय नीट केलं? कुठे चुकलो, आणि ते कोणावर ढकललं? उद्या कोणाकडून काय शिकणार? तिसरा प्रश्न सोडू नका. पहिल्या दोनांचं उत्तर त्याच्यामुळेच दुसऱ्या दिवशी कामाला येतं.

आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना, या कामाला हातभार लावणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे. आमच्या अहवालात एखाद्या मुलाच्या नावापुढे “लक्ष नाही” असं वाचलंत, तर आम्हाला जरूर विचारा, “ताई, तुम्ही त्याच्या भाषेत बोललात का?” आम्हाला राग येणार नाही. आलाच, तर आमचा काटा पुन्हा तपासायची वेळ झाली असं आम्ही समजू.

आजही एखाद्या सभेत, साहेबांसमोर किंवा पाड्यावर मला एखादी गोष्ट येत नसेल तर मी सरळ म्हणते, “मला येत नाही, सांगा.” हे म्हणताना आता पाय कापत नाहीत. एवढाच माझा आत्मविश्वास आहे, आणि तो मला त्या मुलीने दिला. तिचं घर, तिची लेकरं सुखात असोत, अशी माझी रोजची प्रार्थना आहे.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.