जमिनीतून उडून जाणारा नत्र



मृदाशास्त्रज्ञांच्या या परिषदेच्या अध्यक्षपदावरून आज मला सेंद्रिय खतांविषयी बोलायचे आहे. रासायनिक खत सोडून सेंद्रिय खत घातले की जमिनीतून घातक वायू सुटणे थांबते, असा समज आपल्याकडे रुजला आहे. शेतकऱ्यांच्या मेळाव्यांत आपणच तो पसरू दिला. तो दुरुस्त करणे आपले काम आहे.

अमोनियम युरियातून आला की शेणातून, हे जमिनीतले जिवाणू पाहत नाहीत. जमिनीत हवा खेळती असली की ते त्याचे नायट्रेट करतात. पाणी साचून हवा कोंडली की दुसरे जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात. या दोन्ही वाटांवर नायट्रस ऑक्साइड सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापमानवाढ घडवतो, शिवाय ओझोनचा थर विरळ करतो. सेंद्रिय खतातला सहज कुजणारा कर्ब या दुसऱ्या जिवाणूंचे खाद्य. म्हणून ओल्या जमिनीत ताजी स्लरी किंवा कोंबडीखत पडले की वायू जोरात सुटू शकतो. मुरलेले कंपोस्ट नत्र सावकाश सोडते. उसाचे पाचट कुजताना तर जमिनीतलाच नत्र काही काळ बांधून ठेवते. कर्ब भरपूर आणि नायट्रेट कमी असेल, तर जिवाणू नायट्रस ऑक्साइडचे रूपांतर निरुपद्रवी नत्रवायूत पूर्ण करतात. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत मात्र ही शेवटची पायरी अडखळते.

हवामानबदलविषयक आंतरसरकारी समितीने २०१९ मध्ये आपले उत्सर्जन गुणांक सुधारले. ओल्या हवामानात रासायनिक नत्राचा १.६ टक्का आणि सेंद्रिय नत्राचा ०.६ टक्का भाग नायट्रस ऑक्साइड होऊन जातो, असे त्यात धरले आहे. इथे सेंद्रिय खत उजवे ठरते. पण मुख्यतः अमोनियाच्या रूपाने उडणारा नत्र पाहा: रासायनिक खतांसाठी ११ टक्के, सेंद्रिय खतांसाठी २१ टक्के. हा अमोनिया दुसरीकडे जमिनीवर उतरतो आणि त्यातून पुन्हा नायट्रस ऑक्साइड तयार होतो.

हा २१ टक्क्यांचा आकडा मला जास्त छळतो, कारण तो आपल्या गावागावांत दिसतो. गोठ्यातले मूत्र गटारात जाते. उकिरडा वर्षभर उघडा पडतो. एप्रिल-मेमध्ये शेतात शेणखताचे ढीग पडतात, ते विस्कटले जातात आणि कुळवाची पाळी मिळेपर्यंत खत उन्हात वाळत राहते. आपली काळी जमीन विम्लधर्मी, त्यात उन्हाळा. अमोनिया उडायला आणखी काय हवे? दहा टन शेणखतात जेमतेम पन्नास किलो नत्र असतो. त्यातला उडालेला प्रत्येक किलो शेतकऱ्याने बैलगाडीने वाहून आणलेला असतो.

अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूरला कंपोस्टची पद्धत बसवली आणि १९३१ मध्ये ती पुस्तकरूपाने मांडली. गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती खड्ड्यात घालावी, असे त्यांनी सांगितले होते. नत्र वाया जाऊ नये ही धडपड त्यामागे होती. आपण ती पद्धत परीक्षेच्या उत्तरापुरती ठेवली.

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांना माझी विनंती आहे. शेणखत, गांडूळखत, कोंबडीखत आणि प्रेसमड यांच्या प्रयोगांत उत्पादनाबरोबर वायूही मोजा. महिन्यातून एकदा मोजून भागणार नाही. कोरड्या जमिनीवर पहिला पाऊस पडला की काही दिवसांतच नायट्रस ऑक्साइडचा मोठा लोंढा सुटतो आणि महिन्याच्या मोजणीत तो निसटतो. त्या दिवसांत विद्यार्थ्यांना सुट्टी देऊ नका, त्यांना शेतात पाठवा. आणि शेतकऱ्याला आजच सांगण्यासारखे एक सांगा: शेणखत विस्कटल्याच्या दिवशीच मातीआड करा.